प्रतीक्षेचे नियोजन : असिंक्रोनस प्रोग्रॅमिंगमधील कोरूटीन व इव्हेंट लूप – एक संकल्पनात्मक विवेचन

सारांश

आधुनिक संगणकीय सेवांचा बराचसा वेळ गणन करण्यात नव्हे, तर उत्तराची वाट पाहण्यात जातो. या प्रतीक्षेचा सदुपयोग करून एकाच थ्रेडवर हजारो विनंत्या हाताळण्याची पद्धत म्हणजे असिंक्रोनस अर्थात असमकालिक प्रोग्रॅमिंग होय. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे दोन आधारस्तंभ, कोरूटीन व इव्हेंट लूप, यांचा उगम, कार्यपद्धती आणि मर्यादा यांचे विवेचन केले आहे. ही पद्धत गणनाचा वेग वाढवीत नाही, ती केवळ वाया जाणारी प्रतीक्षा वाचविते, आणि तिचे यश प्रत्येक घटकाने वेळेवर नियंत्रण सोडण्यावर अवलंबून असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : कोरूटीन, इव्हेंट लूप, असिंक्रोनस प्रोग्रॅमिंग, सहकारी बहुकार्यता, अवेट

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन प्रवेश, परीक्षा अर्ज, निकाल, शिष्यवृत्ती ही सर्व कामे आज संगणकीय प्रणालींद्वारे होतात. एकाच वेळी हजारो विद्यार्थी एका सर्व्हरकडे विनंती पाठवितात आणि प्रत्येकाला आपले उत्तर तत्काळ हवे असते. अशा सेवा उभारण्यासाठी जावास्क्रिप्ट, पायथन, सी शार्प, रस्ट, कोटलिन यांसारख्या भाषांत 'असिंक' व 'अवेट' या शब्दांचा वापर आता रूढ झाला आहे. विद्यार्थीही हे शब्द सर्रास वापरतात. तथापि, त्यामागील संकल्पना विचारली असता 'त्यामुळे प्रोग्रॅम वेगाने चालतो' किंवा 'अनेक कामे एकाच क्षणी होतात' अशी उत्तरे वारंवार मिळतात. ही दोन्ही उत्तरे अपुरी असून त्यांवर विसंबून लिहिलेली प्रणाली ऐन गर्दीच्या दिवशी कोलमडू शकते. म्हणून या संकल्पनांचा मुळापासून विचार करणे आवश्यक ठरते.

२. लेखाची उद्दिष्टे

१) कोरूटीन व इव्हेंट लूप या संकल्पना त्यांच्या ऐतिहासिक संदर्भासह स्पष्ट करणे.
२) या दोहोंचा परस्परसंबंध उदाहरणाद्वारे उलगडून दाखविणे.
३) या पद्धतीच्या मर्यादा व त्यातून उद्भवणारे दोष यांची चर्चा करणे.
४) अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना मांडणे.

३. प्रतीक्षेचा हिशेब

असिंक्रोनस पद्धतीची गरज का निर्माण झाली, हे एका साध्या आकडेमोडीने ध्यानात येते. मुंबई व लंडन यांमधील सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. प्रकाशतंतूमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. म्हणजेच संदेश जाऊन उत्तर परत येण्यास, वाटेतील यंत्रणांचा विलंब शून्य धरला तरी, किमान ७२ मिलिसेकंद लागतात. या अवधीत ३ गिगाहर्ट्झ गतीच्या प्रोसेसरची सुमारे २१ कोटी ६० लाख आवर्तने होतात. प्रोग्रॅम केवळ उत्तराची वाट पाहत थांबला, तर त्याच्यापुरती ही सर्व आवर्तने निरुपयोगी ठरतात.

यावरील परंपरागत उपाय म्हणजे प्रत्येक विनंतीसाठी स्वतंत्र थ्रेड. एक थ्रेड थांबला की ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्याला प्रोसेसर देते. विनंत्यांची संख्या शेकड्यांत असेल तोवर हा उपाय समाधानकारक आहे. परंतु प्रत्येक थ्रेडला स्वतःचा स्टॅक लागतो. लिनक्सच्या अनेक वितरणांत त्याची मूलनिर्धारित मर्यादा ८ मेगाबाइट असते. त्या हिशेबाने १० हजार थ्रेडसाठी सुमारे ८० गिगाबाइट इतका पत्ता-अवकाश राखून ठेवावा लागतो. प्रत्यक्ष स्मृती तितकी खर्च होत नाही, हे खरे. तरीही थ्रेडची अदलाबदल व नोंदी यांचा भार उरतोच. डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये 'सी-टेन-के' या नावाने हाच प्रश्न मांडला : एका सर्व्हरने एकाच वेळी १० हजार ग्राहकांना सेवा कशी द्यावी? या प्रश्नाच्या उत्तरांतूनच इव्हेंट लूपवर आधारित सर्व्हर पुढे आले. इगोर सिसोएव्ह यांचा २००४ मध्ये सार्वजनिक झालेला 'एन्जिनएक्स' आणि रायन डाल यांनी २००९ मध्ये सादर केलेले 'नोड जेएस' ही त्याची ठळक उदाहरणे होत.

४. कोरूटीन : संकल्पना व उगम

सर्वसाधारण फंक्शन म्हणजे तांत्रिक परिभाषेतील सबरूटीन. त्याचे वर्तन ठरलेले असते. त्याला बोलाविले की ते पहिल्या ओळीपासून सुरू होते, काम संपविते आणि उत्तर देऊन नाहीसे होते. त्याची स्थानिक चलपदेही त्याच्याबरोबर नष्ट होतात. पुन्हा बोलाविल्यास ते पुन्हा प्रारंभापासूनच सुरू होते. कोरूटीन मात्र मध्येच थांबू शकते, नियंत्रण दुसऱ्याकडे सोपवू शकते आणि नंतर जेथे थांबले होते तेथूनच, आपली चलपदे शाबूत ठेवून, पुढे चालू शकते.

भारतीय संगीतातील जुगलबंदी येथे उदाहरणादाखल घेता येईल. एक कलाकार आपला विस्तार एका जागी आणून थांबवितो, दुसरा तेथून पुढे जातो आणि पुन्हा पहिल्याकडे सूत्रे येतात. पहिला कलाकार प्रत्येक वेळी राग आरंभापासून मांडत नाही. तो आपल्या विस्ताराच्या ज्या टप्प्यावर थांबला होता तेथून पुढे जातो. दोघेही प्रमुख असतात. कोरूटीनचे नातेही असेच समपातळीवरचे असू शकते.

ही संकल्पना अलीकडची नाही. मेल्विन कॉनवे यांनी १९५८ मध्ये 'कोरूटीन' ही संज्ञा योजिली आणि १९६३ मध्ये कोबोल भाषेच्या कंपायलरच्या रचनेवरील शोधनिबंधात तिचे विवेचन प्रसिद्ध केले. कंपायलरचा एक भाग अक्षरांतून शब्द तयार करतो, तर दुसरा त्या शब्दांतून वाक्यरचना ओळखतो. कॉनवे यांच्या मांडणीत या दोहोंपैकी कोणीही दुसऱ्याचा सेवक नाही. पहिला भाग शब्द तयार होताच थांबतो, दुसरा तो स्वीकारून पुढील शब्दाची गरज पडेपर्यंत चालतो. प्रत्येक भाग जणू स्वतःच मुख्य प्रोग्रॅम आहे अशा थाटात लिहिता येतो. डोनाल्ड क्नूथ यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात सबरूटीन हे कोरूटीनचेच एक विशेष रूप असल्याचे दाखविले. नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेतही कोरूटीनची सोय होती.

पुढील काळात थ्रेडचा प्रसार झाल्यामुळे ही संकल्पना मुख्य प्रवाहातून काहीशी मागे पडली. तिचे पुनरागमन टप्प्याटप्प्याने झाले. पायथनचा प्रवास या दृष्टीने बोधप्रद आहे. २००१ मध्ये २.२ या आवृत्तीत जनरेटर आले. थांबून मूल्य देणारे आणि पुन्हा चालू होणारे हे फंक्शन होते. २००६ मध्ये २.५ आवृत्तीत थांबलेल्या जनरेटरला बाहेरून मूल्य पाठविण्याची सोय झाली. २०१४ मध्ये ३.४ आवृत्तीत 'असिंकआयओ' हे ग्रंथालय आले आणि २०१५ मध्ये ३.५ आवृत्तीत 'असिंक' व 'अवेट' ही स्वतंत्र वाक्यरचना मिळाली. तत्पूर्वी २०१२ मध्ये सी शार्प ५.० मध्ये आणि पुढे २०१७ च्या मानकान्वये जावास्क्रिप्टमध्ये हेच शब्द रूढ झाले.

५. इव्हेंट लूप

कोरूटीन थांबू शकते, परंतु थांबलेल्या कोरूटीनला पुन्हा केव्हा व कोणी चालू करावयाचे, हा प्रश्न शिल्लक राहतो. ते काम इव्हेंट लूप करते. त्याचे स्वरूप महाविद्यालयाच्या प्रवेश-खिडकीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

खिडकीवर एकच लिपिक आहे. पहिल्या विद्यार्थ्याचा अर्ज तपासताना शुल्काचे चलन भरलेले नाही असे आढळते. लिपिक अर्जावर 'येथपर्यंत तपासले' अशी खूण करून विद्यार्थ्याला बँकेत पाठवितो आणि लगेच पुढील विद्यार्थ्याला बोलावितो. पहिला विद्यार्थी चलन भरून परतला की तो पुन्हा रांगेत उभा राहतो. त्याची पाळी येताच लिपिक खुणेपासून पुढे तपासणी सुरू करतो. बँकेत दहा विद्यार्थी गेलेले असले तरी लिपिक रिकामा बसत नाही. मात्र कोणत्याही एका क्षणी तो एकच अर्ज तपासत असतो.

या उदाहरणातील लिपिक म्हणजे थ्रेड, अर्ज म्हणजे कोरूटीन आणि अर्जावरील खूण म्हणजे कोरूटीनची जतन केलेली स्थिती. रांग म्हणजे 'चालविण्यास तयार' असलेल्या कामांची यादी. लिपिक ज्या नियमाने काम करतो, तो नियम म्हणजे इव्हेंट लूप. त्याच्या प्रत्येक फेरीत पुढील गोष्टी घडतात : तयार कामे एकामागून एक चालविणे, प्रत्येक काम थांबेपर्यंत किंवा संपेपर्यंत त्याला चालू देणे, ज्यांची वेळ भरली आहे असे टायमर पाहणे आणि कोणत्या जोडणीवर उत्तर आले आहे हे ऑपरेटिंग सिस्टिमला विचारून त्या कामांना पुन्हा रांगेत उभे करणे.

यातील शेवटची पायरी ऑपरेटिंग सिस्टिमच्या साहाय्यावाचून शक्य नाही. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधील 'सिलेक्ट' या सुविधेने अनेक जोडण्यांकडे एकाच वेळी लक्ष ठेवता येऊ लागले. परंतु तीत प्रत्येक वेळी संपूर्ण यादी तपासावी लागे. २००० मध्ये फ्रीबीएसडीत आलेली 'केक्यू' आणि २००२ मध्ये लिनक्सच्या विकास-आवृत्तीत आलेली 'ईपोल' या यंत्रणा केवळ ज्या जोडण्यांवर काही घडले आहे त्यांचीच नावे कळवितात. दहा हजार जोडण्यांपैकी वीसच जाग्या असतील, तर वीसच हाती येतात. इव्हेंट लूपची कार्यक्षमता मुख्यतः यावर उभी आहे.

६. एक संख्यात्मक उदाहरण

अ, ब व क ही तीन कामे आहेत असे मानू. प्रत्येकाला बाहेरील सेवेकडून माहिती हवी आहे. त्यासाठी अनुक्रमे २, ३ व १ सेकंद थांबावे लागते. स्वतःचे गणन नगण्य आहे.

क्रमाने चालविल्यास एकूण वेळ २ + ३ + १ = ६ सेकंद होतो. इव्हेंट लूपवर तिन्ही कामे नोंदविल्यास शून्य सेकंदाला अ सुरू होऊन थांबते, लगोलग ब व क सुरू होऊन थांबतात. पहिल्या सेकंदाला क, दुसऱ्या सेकंदाला अ आणि तिसऱ्या सेकंदाला ब पूर्ण होते. एकूण वेळ ३ सेकंद, म्हणजे सर्वांत दीर्घ प्रतीक्षेइतका. येथे गणन वेगाने झाले नाही. प्रतीक्षा एकमेकींवर आल्या.

येथे एक बाब विशेष नोंदविण्याजोगी आहे. पायथनमध्ये असिंक फंक्शनला नुसते बोलाविल्याने ते चालू होत नाही, केवळ कोरूटीन-वस्तू तयार होते. शिवाय 'अवेट अ', 'अवेट ब', 'अवेट क' अशा तीन ओळी एकाखाली एक लिहिल्यास पहिले काम संपल्याशिवाय दुसरे सुरूच होत नाही, आणि वेळ पूर्ववत ६ सेकंदच लागतो. तिन्ही कामे लूपकडे स्वतंत्र 'टास्क' म्हणून आधी सोपविली तरच ३ सेकंदांचा लाभ मिळतो. केवळ 'असिंक' हा शब्द लिहिल्याने कार्ये समांतर होत नाहीत, हे यावरून स्पष्ट व्हावे.

७. मर्यादा व दोष

अ) नियंत्रण न सोडणारे काम : वरील उदाहरणात क ला पहिल्या सेकंदाला उत्तर मिळाल्यावर ५ सेकंदांचे सलग गणन करावे लागते असे मानू. दुसऱ्या सेकंदाला अ चे उत्तर येते, तिसऱ्या सेकंदाला ब चे येते. परंतु क ने नियंत्रण सोडलेले नसल्यामुळे दोन्ही कामे सहाव्या सेकंदापर्यंत खोळंबतात. अ चा ४ सेकंद व ब चा ३ सेकंद असा विनाकारण विलंब होतो. प्रवेश-खिडकीवरील लिपिकाने मध्येच वार्षिक ताळेबंद करावयास घेतल्यासारखे हे आहे. अशा प्रणालीत दहा हजारांपैकी एका विनंतीचे जड गणन उर्वरित सर्वांना वेठीस धरू शकते.

हा दोष सहकारी बहुकार्यतेत अंगभूत आहे. विंडोज ३.१ आणि जुन्या मॅक ओएसमध्येही प्रोग्रॅमनी स्वेच्छेने प्रोसेसर सोडणे अपेक्षित होते. एक प्रोग्रॅम अडकला की संपूर्ण पडदा गोठत असे. म्हणूनच विंडोज ९५ ने ३२-बिट प्रोग्रॅमसाठी, तर मॅकने २००१ च्या ओएस टेनमध्ये, नियंत्रण सक्तीने काढून घेण्याची पद्धत स्वीकारली. असिंक्रोनस प्रोग्रॅमिंगने सहकाराची तीच रीत एका प्रोग्रॅमच्या आत पुन्हा आणली आहे. तिच्यासोबत तिची जबाबदारीही आली आहे. जड गणन स्वतंत्र प्रक्रियेकडे आणि थांबवून ठेवणारी जुनी फंक्शने स्वतंत्र थ्रेडकडे सोपविणे, हा त्यावरील उपाय होय. पायथनच्या तपासणी-अवस्थेत १०० मिलिसेकंदांहून अधिक काळ लूप अडविणाऱ्या पायरीची नोंद होते. तिचा उपयोग प्रयोगशाळेत अवश्य करावा.

आ) प्रतीक्षेदरम्यान बदलणारी स्थिती : एका थ्रेडवर काम चालत असल्याने सामाईक माहितीचा गोंधळ होणारच नाही, हा दुसरा गैरसमज. प्रवेशासाठी शेवटची एक जागा शिल्लक आहे असे समजू. पहिले कोरूटीन 'जागा शून्याहून अधिक आहे का' हे तपासते, उत्तर होकारार्थी मिळते आणि शुल्काच्या खात्रीसाठी ते अवेटवर थांबते. तेवढ्यात दुसरे कोरूटीन तीच तपासणी करते. जागा अद्याप एकच दिसते आणि तेही शुल्काच्या खात्रीसाठी थांबते. दोघांचेही शुल्क जमा असल्याचे कळते, दोन्ही कोरूटीन जागेतून एक वजा करतात. शिल्लक जागा उणे १ होते आणि एका जागेवर दोन विद्यार्थ्यांना प्रवेशपत्र मिळते. त्यांपैकी एकाला नंतर नकार द्यावा लागणार, हे उघड आहे.

दोन अवेटच्या मधील भागात त्याच लूपवरील दुसरे कोणतेही काम शिरत नाही. थ्रेडच्या तुलनेत हा मोठाच लाभ होय, कारण थ्रेडमध्ये अदलाबदल कोठेही होऊ शकते. परंतु अवेटच्या अलीकडे तपासलेली गोष्ट अवेटच्या पलीकडे खरी असेलच, याची शाश्वती नसते. म्हणून जागा तपासताक्षणी, अवेट येण्यापूर्वीच, ती राखून ठेवावी आणि शुल्क न मिळाल्यास मुक्त करावी, अथवा लॉकचा वापर करावा. एकाहून अधिक सर्व्हर असल्यास अंतिम निर्णय डेटाबेसच्या व्यवहारातच व्हावा.

इ) फंक्शनांचे द्विभाजन : असिंक फंक्शनचे उत्तर मिळविण्यासाठी ते बोलाविणारे फंक्शनही बहुधा असिंक असावे लागते आणि हा बदल वरपर्यंत पसरत जातो. बॉब नीस्ट्रॉम यांनी २०१५ मध्ये फंक्शनांना दोन रंगांची उपमा देऊन हा प्रश्न मांडला होता. गो या भाषेने आरंभापासून आणि जावाने २०२३ च्या २१ व्या आवृत्तीतील आभासी थ्रेडद्वारे हे द्विभाजन टाळण्याचा मार्ग निवडला आहे. तेथे थांबण्याची जागा वाचकाला दिसत नाही. असिंक-अवेट पद्धतीत ती ठळकपणे दिसते. यांपैकी कोणता मार्ग श्रेयस्कर, याविषयी मतभेद आहेत. तथापि, शिकणाऱ्यासाठी थांबा डोळ्यांसमोर असणे उपकारक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

८. अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना

थ्रेड व प्रक्रिया यांचे अध्यापन सामान्यतः ऑपरेटिंग सिस्टिमच्या विषयात होते, तर असिंक व अवेट वेब प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकात केवळ वाक्यरचना म्हणून येतात. या दोहोंचा सांधा जुळविणे गरजेचे आहे. त्यासाठी पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) प्रथम जनरेटर शिकवावा. फंक्शन थांबते आणि पुन्हा चालू होते हे विद्यार्थ्याने स्वतः पाहिल्यावरच अवेटकडे वळावे.
२) विद्यार्थ्यांकडून जनरेटर व रांग यांच्या आधारे पंचवीस-तीस ओळींचा छोटा इव्हेंट लूप लिहून घ्यावा. त्यामुळे ग्रंथालयाभोवतीचे गूढ नाहीसे होते.
३) कलम ६ मधील उदाहरणाचे वेळापत्रक प्रथम कागदावर मांडून घ्यावे, नंतर प्रत्यक्ष वेळ मोजावा.
४) प्रत्येक अवेटजवळ 'येथे दुसरे काय घडू शकते?' हा प्रश्न विचारण्याची सवय लावावी.
५) काम गणनप्रधान आहे की प्रतीक्षाप्रधान, याचा निर्णय आधी आणि पद्धतीची निवड नंतर, हा क्रम आग्रहाने पाळावा.

९. निष्कर्ष

१) कोरूटीन ही १९५८ पासूनची संकल्पना असून थांबणे व थांबल्या जागेपासून पुढे जाणे हे तिचे व्यवच्छेदक लक्षण आहे.
२) इव्हेंट लूप थांबलेल्या कामांचा हिशेब ठेवतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या सूचनेनुसार त्यांना पुन्हा चालना देतो.
३) या पद्धतीने प्रतीक्षा वाचते, गणन वाचत नाही. गणनप्रधान कामांसाठी ती उपयुक्त नाही.
४) एका थ्रेडवरही सामाईक स्थितीचे दोष संभवतात आणि त्यांची जागा अवेटपाशी असते.
५) संपूर्ण व्यवस्था प्रत्येक कोरूटीनच्या सहकारावर अवलंबून आहे.

आपल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या प्रणाली उद्या प्रवेश, निकाल व शिष्यवृत्ती यांसाठी वापरल्या जाणार आहेत. तेथे एका कोरूटीनने अडविलेला लूप म्हणजे खोळंबलेले हजारो अर्ज आणि दुर्लक्षित अवेट म्हणजे एका जागेवर दोन प्रवेश. ही जाणीव देणे हा या विषयाच्या अध्यापनाचा गाभा असावा.